लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीच्या जोडीला रिव्हॉल्व्हर: काडतूस रायफलीला विचारून, रिव्हॉल्व्हर हाताला विचारून

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची सरकारी शूटिंग रेंज आहे. दर फेब्रुवारीत तिथे ‘विंटर रेंज’ ही काउबॉय नेमबाजीची, म्हणजे जुन्या धर्तीच्या बंदुकांनी खेळायची, राष्ट्रीय स्पर्धा भरते. पहिल्या वर्षी मी नुसती बघायला गेले होते. लोडिंग टेबलापाशी माझ्या आईच्या वयाच्या एक बाई उभ्या होत्या, समोर काडतुसांचा एकच डबा. त्यातली दहा मोजून त्यांनी रायफलीच्या कुशीतल्या झडपेतून एकेक आत सरकवली, पाच एका रिव्हॉल्व्हरमध्ये घातली, पाच दुसऱ्यात. तीन हत्यारं, वीस काडतुसं आणि डबा एकच. त्या दिवशी मला हा छंद खरा कळला.

तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी या वाटेला लागलं की फोन येतो: “ताई, रायफल घेतली. आता जोडीला कुठलं रिव्हॉल्व्हर घेऊ?” किंवा उलटं, “रिव्हॉल्व्हर फार आवडलं म्हणून घेऊन टाकलं, आता रायफल कुठली?” दुसरा फोन आला की मला वाईट वाटतं, कारण मीही तेच केलं होतं आणि ते निस्तरायला मला दोन वर्षं लागली. माझं सांगणं एवढंच आहे की काडतूस रायफलीला विचारून ठरवा आणि रिव्हॉल्व्हर आपल्या हाताला विचारून. हा क्रम मोडला की पैसे वाया जातात आणि हौसही विरते.

पैसे काढण्याआधी व्हिसा बघा

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण यात चूक झाली तर पुढचं काहीच उरत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१, बी-१, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. विकत घेणं तर सोडाच, मित्राबरोबर रेंजवर जाऊन त्याची बंदूक हातात घेणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. याला अपवाद आहेत. त्यातला सर्वांत माहितीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. पण त्या आधारावर पाऊल टाकण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाने एका रविवारच्या मजेसाठी ती रांग पणाला लावू नये.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर रस्ता सरळ आहे. परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, मग दुकानदार ‘निक्स’ या यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासतो. दुकानातून रायफल घ्यायला वय १८ लागतं, रिव्हॉल्व्हरला २१. रिव्हॉल्व्हर आपण राहतो त्याच राज्यात ताब्यात घ्यावं लागतं. शेजारच्या राज्यात आवडलं तर ते तिथून आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानाकडे पाठवून घ्यायचं.

त्यावर प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. न्यू जर्सीत आपली माणसं पुष्कळ, म्हणून सांगते: तिथे खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं आणि प्रत्येक हँडगनसाठी वेगळा खरेदी परवाना काढावा लागतो. कॅलिफोर्नियात नव्या हँडगनची मान्य यादी आहे, पण ठरावीक मापात बसणाऱ्या आणि प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने ओढाव्या लागणाऱ्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरना तिच्यातून सूट मिळते. अ‍ॅरिझोनात यातलं काही नाही, म्हणून इथल्या माणसाचा सल्ला, माझासुद्धा, आपल्या राज्याचे नियम वाचल्याशिवाय जसाच्या तसा घेऊ नका.

जोडी मुळात कशासाठी

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाभोवतीची कडी खाली-वर केली की रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि नवं काडतूस नळीत चढतं, अशी रायफल. १८७३ साली विंचेस्टर कंपनीने या प्रकारातली आपली सर्वांत गाजलेली रायफल काढली, ४४-४० या काडतुसाची. यातला ४४ हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचाचे शतांश धरून. ४० हा काळ्या दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये (एका ग्रॅमचे साधारण पंधरा ग्रेन). त्याच १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने कोल्टचं ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ स्वीकारलं, पण ते रिव्हॉल्व्हर ४५ कोल्ट या दुसऱ्याच काडतुसाचं. म्हणजे जी जोडगोळी आपण सिनेमात बघतो ती सुरुवातीला जुळतच नव्हती. १८७८ मध्ये कोल्टने ४४-४० मधलं ‘फ्रंटियर सिक्स-शूटर’ बाजारात आणलं, तेव्हा कुठे एका पट्ट्यातली काडतुसं दोन्हीकडे चालू लागली. गावापासून आठवडाभराच्या वाटेवर गुरं हाकणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळत होती.

आज आपण आठवडाभर रानात नसतो. तरी फायदे उरलेच आहेत. एकच काडतूस मोठ्या संख्येने घेता येतं. घरी पुंगळ्या पुन्हा भरायच्या असतील तर साच्यांचा एकच संच लागतो. सर्वांत मोठा फायदा म्हणजे टेबलावर चुकीचं काडतूस चुकीच्या हत्यारात जाण्याची शक्यताच राहत नाही. ४४-४० आणि ४५ कोल्ट एकमेकांशेजारी ठेवली तर नवख्या माणसाला फरक चटकन कळत नाही. ४४-४० हे ४५ कोल्टच्या ‘घरात’, म्हणजे हत्यारातल्या काडतुसाच्या पोकळीत, बसूनही जातं आणि उडवलं की पुंगळी उभी फाटते. म्हणून घरात सुरुवातीला एकच माप ठेवा. हा नियम मी कुणासाठीच सैल करत नाही.

काडतूस रायफलीला विचारा

रायफल आधी, याचं कारण साधं आहे. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या नळकांड्यात, काडतूस आपण हाताने घालतो, ते नुसतं बसलं की झालं. रायफलीत मात्र तेच काडतूस नळीखालच्या मॅगझिनमधून मागे सरकतं, पाळण्यावर, म्हणजे ते नळीसमोर नेणाऱ्या तुकड्यावर, येतं, उचललं जातं आणि मग पुढे ढकललं जातं. या प्रवासात लांबी, टोकाचा आकार, बुडाची कड, सगळ्याची परीक्षा होते. रिव्हॉल्व्हर जवळजवळ काहीही गिळतं, रायफल खोड्या काढते. म्हणून मत रायफलीचं घ्यायचं.

नव्या माणसाला मी डोळे झाकून ३५७ मॅग्नम सांगते. हे काडतूस १९३५ चं. त्याआधीच्या, १८९८ च्या ३८ स्पेशलची पुंगळी जेमतेम साडेतीन मिलिमीटर लांब करून ते बनवलं, त्यामुळे ३५७ च्या हत्यारात ३८ स्पेशल बिनधास्त चालतं. उलट चालत नाही, चालू नये म्हणूनच ती लांबी वाढवली. दोघांच्या जोरात केवढं अंतर आहे ते दाबाच्या आकड्यांवरून कळेल: ३८ स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, ३५७ ची ३५,०००. म्हणजे एका रिव्हॉल्व्हरमध्ये सरावाचं मवाळ काडतूसही आलं आणि जंगलातलं कडकही. ३८ स्पेशल बहुतेक दुकानांत मिळतं आणि या मोठ्या मापांत खिशाला सर्वांत हलकं पडतं.

आणि रायफलीत ३५७ चं रूपच पालटतं. १५८ ग्रेनची गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून साधारण सेकंदाला १,२५० फूट वेगाने निघते. तीच अठरा-वीस इंची नळीतून १,८०० च्या आसपास जाते, कारण मॅग्नमची दारू सावकाश जळते आणि लांब नळीत तिला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो. ३८ स्पेशलला हा फायदा फारसा होत नाही, त्यातली थोडकी दारू आधीच जळून संपलेली असते.

४४ मॅग्नम (१९५५ चं) कुणी घ्यावं? ज्यांना खरोखर हरणाच्या शिकारीला जायचं आहे त्यांनी. रायफलीतून २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १,७०० फुटांच्या वर जाते, शंभर यार्डांच्या आत हरणाला ती पुरून उरते. ओहायो, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग अशा ठिकाणी हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं चालतात, म्हणून तिकडे ही रायफल अनेकांच्या घरी दिसते. पण तीन किलोच्या रायफलीत खांद्याला सहज सोसणारा धक्का सव्वा किलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मनगटाला सोसत नाही. त्याला उतारा आहे: ३८ आणि ३५७ चं जे नातं, तेच ४४ स्पेशल आणि ४४ मॅग्नमचं. रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल वापरा, मॅग्नम रायफलीसाठी ठेवा.

४५ कोल्टवर माझा जीव आहे, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते. त्या जुन्या काळात या काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल नव्हतीच. पुंगळीच्या बुडाची कड इतकी अरुंद होती की रायफलीतल्या पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला धरायला काही उरत नसे. रिव्हॉल्व्हरमध्ये अडत नव्हतं, कारण तिथे पुंगळी आतून काडीने ढकलून काढतात. आजच्या पुंगळ्या सुधारल्या आहेत आणि ४५ कोल्टच्या रायफली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळू लागल्या. चालतात छान. एक गोष्ट मात्र राहिली. या काडतुसाचा दाब कमी, जास्तीत जास्त १४,००० पौंड. त्यामुळे दारू कमी भरलेली असली की पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला नीट चिकटत नाही आणि काजळी मागे येते. १८७३ धर्तीच्या रायफलीवर दहा बार काढले की पितळी पाळणा काळाकुट्ट होतो, गालावरही बारीक कण जाणवतात. ४४-४० ची मान पातळ असते, ती पटकन फुगते आणि वाट बंद करते, म्हणून ती रायफल आतून स्वच्छ राहते. पण तीच पातळ मान घरी पुंगळ्या भरताना चुरगळते आणि काडतुसं सगळीकडे मिळतही नाहीत. ४४-४० हे ज्याला इतिहास हातात धरायचा आहे त्याचं काडतूस, पहिल्या वर्षी नको.

४५ कोल्टच्या बाबतीत जिवाशी गाठ पडेल अशी एक गोष्ट आहे. बाजारात या नावाचीच काही फार जोरकस काडतुसं मिळतात आणि डब्यावर ती फक्त अमुक मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी असल्याची सूचना असते. रूगर ब्लॅकहॉकच्या मोठ्या सांगाड्याला ती झेपतात. कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, त्याच्या इटालियन प्रतिकृती आणि २००५ पासूनचं लहान सांगाड्याचं रूगर न्यू व्हॅकेरो यांत ती कधीही घालू नका. काडतूस आत बसतं, याचा अर्थ ते त्या हत्यारासाठी आहे असा होत नाही. १८७३ धर्तीच्या रायफलींनाही ती चालत नाहीत. त्यांच्या आतला सांध्यांचा खटका दिसायला आणि चालवायला लोण्यासारखा, पण बांध्याने नाजूक. १८९२ ची जॉन ब्राउनिंगने आखलेली रचना त्याहून पुष्कळ दणकट आहे.

रायफल ३०-३० ची असेल तर? १८९४ च्या विंचेस्टरमुळे हे माप घरोघरी पोचलं. पण ते रायफलीचंच काडतूस आहे, नेहमीच्या वापराचं रिव्हॉल्व्हर त्यात मिळत नाही. तिथे जोडीचा हट्ट सोडा.

आणि ज्याने आयुष्यात एकदाही बार काढलेला नाही त्याने २२ पासून, म्हणजे सर्वांत लहान आणि मवाळ मापापासून, सुरुवात करावी. २२ ची लिव्हर-अ‍ॅक्शन आणि २२ चं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, दोन्ही मिळून एका मोठ्या रायफलीच्या किमतीत बसतात. हे माप पोरखेळाचं आहे असं कुणी म्हणालं तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची आठवण करून द्या. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं, ते २२ च्याच काडतुसावर.

टोक सपाट हवं, पण किती

लिव्हर-अ‍ॅक्शनच्या बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या पाइपात एकामागे एक झोपलेली असतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं आणि बुडाच्या मधोमध प्रायमर असतो. आपल्या दिवाळीच्या टिकलीचं जे काम तेच त्याचं: ठोका बसला की ठिणगी. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल तर धक्क्यासरशी ते पुढच्या प्रायमरवर आदळून पाइपातच बार होऊ शकतो. म्हणून सपाट टोकाचीच गोळी घ्यायची, किंवा अशा रायफलींसाठीच केलेली मऊ प्लास्टिक टोकाची.

मी हे वाचून पाठ केलं आणि दुसऱ्या टोकाला गेले. ३८ मध्ये ‘वॉडकटर’ नावाचं काडतूस मिळतं, त्यात गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, टोक असं नाहीच. कागदावर अगदी गोल भोक पाडतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सुरेख चाललं, म्हणून पन्नासाचा डबा घेऊन रायफल भरली. पहिलं कसंबसं चढलं. दुसऱ्याला लिव्हर अर्ध्यात अडली. आत डोकावले तर काडतूस तिरकं होऊन त्याची सपाट कड नळीच्या तोंडावर अडकलेली. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने माझ्या खांद्यावरून बघितलं, रायफलीचं तोंड लक्ष्याकडेच आहे ना याची खात्री केली आणि खिशातून लाकडी काडी काढून ते काडतूस हळूच सोडवलं. मग त्यांच्या डब्यातलं एक काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. गोळी शंकूसारखी निमुळती, फक्त शेंड्याला मुगाच्या डाळीएवढा सपाटपणा. “हिला हे हवं,” एवढंच म्हणाले.

ते माप आजही माझ्या बोटांत आहे. निमुळती बाजू, शेंडा सपाट, एकूण लांबी भरपूर. १८७३ धर्तीच्या रायफलीत लांबीचं महत्त्व अधिकच, कारण तिचा पाळणा अख्खं काडतूस पोटात घेऊन वर येतो. काडतूस फार आखूड असेल तर पाइपातलं पुढचं त्याच्या जागेत घुसतं आणि पाळणा उचलतच नाही. म्हणून दुकानात डबा घेताना रिव्हॉल्व्हरचा विचार करू नका. रायफलीत नीट चढेल ते रिव्हॉल्व्हरमध्ये बसेलच. डब्यावरची जोराची सूचना मात्र दोन्ही हत्यारांसाठी वाचा.

रिव्हॉल्व्हर हाताला विचारा

माप ठरलं. आता दोन प्रकारांतून एक निवडायचा.

सिंगल-अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, चाप फक्त तो सोडतो. काडतुसं बाजूच्या लहान झडपेतून एकेक घालायची, रिकाम्या पुंगळ्या एकेक ढकलून काढायच्या. डबल-अ‍ॅक्शनमध्ये चाप दाबला की घोडा मागे जाऊन पडतो, सिलिंडर बाहेर झुलतो, सगळ्या पुंगळ्या एका दाबात बाहेर. काउबॉय स्पर्धेत उतरायचं असेल तर प्रश्नच मिटला. १९८७ साली स्थापन झालेल्या सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या मुख्य सामन्यांत रिव्हॉल्व्हर सिंगल-अ‍ॅक्शनच लागतं, तीही दोन. गोळी शिशाची हवी, तांब्याचं कवच चालत नाही. वेगालाही मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १,००० फुटांच्या आत, रायफलीला १,४०० च्या आत. जंगलात भटकायला किंवा घरी ठेवायला हवं असेल तर डबल-अ‍ॅक्शन घ्या, घाईत रिकामं करून पुन्हा भरता येतं.

आता हात. माझी चूक इथलीच. दुकानातल्या विक्रेत्याने माझा हात बघून अर्ध्या किलोहूनही कमी वजनाचं, दोन इंची नळीचं ३५७ काढून दिलं. पर्समध्ये मावत होतं, दिसायला गोजिरं. रेंजवर पाचव्या मॅग्नम बारानंतर तळहात सुजला आणि पुढचे सहा महिने मी बार व्हायच्या आधीच डोळे मिटायला लागले. ती खोड मोडायला २२ वर परत जावं लागलं. लहान हाताला हलकं हत्यार ही समजूत मनातून काढून टाका. धक्का वजन पितं. साधारण एक किलो ते सव्वा किलो, चार ते साडेपाच इंच नळी, एवढं सुरुवातीला धरा.

सिंगल-अ‍ॅक्शनची मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वाकलेली असते. बार झाला की ती तळहातात वरच्या बाजूला फिरते, धक्का मनगटात घुसण्याऐवजी वर निघून जातो आणि घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. लहान हाताच्या बायकांना, मला धरून, ही मूठ फार सोयीची वाटते. दुकानात हातात घ्या, रिकामं आहे हे विक्रेत्याने दाखवल्यावर स्वतःही बघा, तोंड सुरक्षित दिशेला धरा आणि दोन गोष्टी तपासा: मूठ न हलवता अंगठा घोड्यावर पोचतो का, आणि तर्जनीचं पेर चापावर पडतं का. यातली एक जरी चुकली तर ते रिव्हॉल्व्हर कितीही सुंदर असो, परत द्या.

नळ्यांची जुनी मापं पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच. स्पर्धेला पहिली दोन बरी. साडेसात इंची लांब नळीवर नेम धरायला बरं पडतं, पण ती म्यानातून काढताना कोपर खांद्याएवढं वर जातं.

नावं विचाराल तर: स्पर्धेसाठी ३५७ मधलं रूगर न्यू व्हॅकेरो. जंगलासाठी रूगर जीपी १०० किंवा स्मिथ अँड वेसन ६८६, चार इंची, मागची साइट (नेम धरायची खाच) फिरवून जुळवता येणारी. ४४ वाल्यांना रूगर सुपर ब्लॅकहॉक किंवा स्मिथ अँड वेसन ६२९. व्हॅकेरोवर मागची साइट म्हणजे सांगाड्यात कोरलेली खाच, ती फिरत नाही. गोळीचं वजन बदललं की बार वर-खाली पडतो, तेव्हा एक वजन धरून तेच वापरत राहायचं.

जुनं घेत असाल तर

वापरलेलं रिव्हॉल्व्हर घ्यायला हरकत नाही. रिकामं असल्याची खात्री करून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकेपर्यंत सिलिंडरही टक्क करून कुलूपबंद व्हायला हवा. घोडा अडकला पण सिलिंडर अजून बोटाने पुढे सरकतोय, तर टायमिंग गेलं आहे: गोळी नळीच्या कडेला घासून शिशाचे तुकडे बाजूला उडवते. हे सगळ्या घरांना, सहाही वेळा, करून बघा. सिलिंडर आणि नळीच्या मधली फट फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा, ०.००४ ते ०.००८ इंच ठीक. घोडा रिकामा पाडायचा असेल तर आधी विचारा.

पाच भरायची, सहा नाही

कोल्ट पद्धतीच्या जुन्या रचनेत घोडा खाली असताना त्याची सुई थेट प्रायमरला टेकलेली असते. हातातून पडलं तरी बार होऊ शकतो. म्हणून जुने लोक सहापैकी पाचच घरं भरत. रूगरने १९७३ मध्ये घोडा आणि सुईच्या मध्ये एक पट्टी आणली. चाप दाबलेला असेल तरच ती मध्ये येते, त्यामुळे तो धोका गेला. स्पर्धेत मात्र कुठलंही रिव्हॉल्व्हर असो, पाचच भरायची.

पद्धत अशी. कोल्ट पद्धतीचं असेल तर घोडा अर्ध्यावर आणून झडप उघडा, रूगरच्या नव्या रचनेत नुसती झडप उघडली की पुरे. एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा. झडप बंद करा. रिव्हॉल्व्हरचं तोंड लक्ष्याच्या बाजूलाच ठेवून घोडा पूर्ण मागे ओढा, अंगठा त्यावर घट्ट ठेवून चाप दाबा आणि घोडा सावकाश खाली टेकवा. तो रिकाम्या घरावर येतो. मग बाजूने, सिलिंडर आणि सांगाड्याच्या मधल्या फटीतून बघा: पितळी कडा ओळीने दिसतात आणि घोड्याखाली कड दिसत नाही. ती नसलेली कड डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी टेबल सोडत नाही. घरी आधी शंभर वेळा हे खोट्या, बिनदारूच्या काडतुसांवर करा.

पहिला दिवस आणि नंतर

दोन्ही हत्यारं घेऊन रेंजवर जाल तेव्हा तीन वेगवेगळ्या प्रकारांचा एकेक डबा न्या, प्रत्येकातली दहा रायफलीत आणि पाच रिव्हॉल्व्हरमध्ये चालवून वहीत टिपा. जे रायफलीत एकदाही अडलं नाही आणि रिव्हॉल्व्हरमध्ये हाताला रुचलं, तेच पुढे भरपूर घ्या. कान आणि डोळे झाकलेलेच हवेत. शिशाची गोळी वापरतो तेव्हा हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडून पोळी-भाजी खायची नाही आणि ते कपडे घरी मुलांच्या कपड्यांत टाकायचे नाहीत. ३५७ च्या घरात ३८ पुष्कळ उडवली की पुढच्या बाजूला काजळीचं कडं साचतं, मग लांब ३५७ आत जाताना अडतं. ब्रशने ते घासून काढा. घरी दोन्ही हत्यारं रिकामी, तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात.

आणि भारतात जाताना एक काळजी घ्या. रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. बॅगेच्या अस्तरात एखादं जिवंत काडतूस राहिलं आणि मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं, तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. विसरून राहिलं असं सांगून तिथल्या तिथे सुटका होत नाही. गावाला आईला भेटायला निघालेल्या माणसावर पोलीस ठाण्यात बसायची वेळ येते. आमच्या घरी रेंजच्या बॅगेच्या मुठीला लाल कापडाची पट्टी शिवली आहे. ती बॅग गॅरेजमध्ये राहते, घरात येत नाही. सुट्टीचं सामान भरायला लागलो की मुलगी आधी गॅरेजमध्ये जाऊन ती जागेवर आहे ना ते बघून येते.